मूल थांबू शकते का?

जूनमधल्या त्या मंगळवारी निकोलाने जेवणाच्या सुट्टीत वडिलांना फोन केला, तेव्हा ते कुत्रीच्या पंजातला काटा काढत होते.

"बोल," डंकन म्हणाले. "पण मोठ्याने बोल. तुला टेबलावर ठेवलंय."

निकोला न्यूझीलंडमधल्या टिमारूच्या ग्रंथालयात कामाला होती. मोठ्याने बोलण्याची तिची सवय सोळा वर्षांपूर्वीच सुटली होती. तरी ती पुस्तकांच्या खोलीचं दार लावून जमेल तेवढं ओरडली, "डॅड, जुलैतल्या बर्फावरच्या आठवड्याचं. या वर्षी फर्गसला स्की-शाळेत घालावं म्हणते. सात वर्षांचा झाला तो. टिलीला तिथल्याच पाळणाघरात ठेवता येईल."

"का? पोरगा उतरतो की चांगला."

"उतरतो, पण तू शिट्टी मारलीस की वळतो आणि शिट्टी मारलीस की थांबतो. लोक बघतात, डॅड. माणसांची मुलं आहेत ती. मेंढरांमागची कुत्री नाहीत."

"कुत्री जास्त चांगली उतरतात," डंकन म्हणाले. मग थोडा वेळ नुसतं कण्हणं ऐकू आलं. ते कुत्रीचं होतं. "बरं. तुझी मर्जी. हा बघ निघाला! केवढा आहे!"

काटा केवढा होता हे निकोलाला टिमारूहून दिसणं शक्य नव्हतं. तरी ती "अरे वा" म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

बुधवारी सकाळी डंकन मेंढ्यांच्या कुरणाच्या फाटकापाशी कोसळले. डॉक्टर म्हणाले, सगळं एका क्षणात झालं असावं. पण फाटकाची कडी लावून झाली होती. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या मेंढ्या डोंगरातून हाकून आणलेला माणूस, फाटक उघडं टाकून कुठेच गेला नसता.

त्यानंतर दोन आठवडे निकोलाच्या घरी केक येत राहिले. गाजराचे, केळ्याचे, खजुराचे. प्रत्येक डब्याच्या तळाला मालकिणीचं नाव चिकटवलेलं, कारण दुःख कितीही मोठं असलं तरी डबा परत गेला पाहिजे. सगळ्यांत जास्त डबे शेजारच्या डोरीनचे. डोरीन केकबरोबर सल्लाही आणायची, आणि त्याचा डबा मात्र परत घेत नसे.

"यंदा डोंगरावर जाऊ नकोस बाई," तिने कुंपणावरून डबा देता देता सांगितलं. "नवरा तुझा गायींच्या बाळंतपणात. वडील हे असे गेले. दोन पोरं घेऊन एकटी काय करशील वर? पुढच्या वर्षी जा."

निकोलाचा नवरा क्रेग जनावरांचा डॉक्टर होता. जुलै-ऑगस्टमध्ये सगळ्या कँटरबरीतल्या गायी एकाच वेळी वितात, आणि त्या दिवसांत क्रेगचा एक हात खांद्यापर्यंत कुठल्या ना कुठल्या गायीत असे. लग्नाला दहा वर्षं झाली, पण बर्फावर उभा असलेला क्रेग कुणी पाहिला नव्हता.

"जाणार आहोत," निकोला म्हणाली.

हे तिने ठरवलं कधी, ते तिलाही ठाऊक नव्हतं. वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि मग ते मागे घेण्याचा प्रश्न उरला नाही. डोरीनने भुवया उंचावल्या, तेव्हा तर ती पुढे असंही म्हणाली की, मुलांना रीतसर शिकवणीही लावली आहे. जी अजून लावलेली नव्हती.

ही बातमी गल्लीत पसरायला केक गार होण्याएवढाही वेळ लागला नाही. डोरीनचा नवरा बॅरी, ज्याने आयुष्यात स्कीला पाय लावला नव्हता, संध्याकाळी मुद्दाम येऊन म्हणाला, "शिकवण्या कसल्या लावतेस? वर न्यायचं आणि ढकलून द्यायचं. खाली पोचेपर्यंत येतंच." ग्रंथालयातल्या सहकारी बाईने नॉर्वेतल्या संशोधनाचा हवाला देऊन सांगितलं की, आठ वर्षांच्या आत मुलांना काही शिकवूच नये. डोरीनचा अंतिम सल्ला होता की दोघांनाही पाळणाघरात घालावं. "सातव्या वर्षी?" "त्यात काय? तो तिथे मदत करील."

निकोलाने सगळ्यांचं ऐकून घेतलं. ती वाचणारी बाई होती. कुठल्याही प्रश्नावर माणसांना विचारण्यापेक्षा छापील मजकूर बरा, असं तिचं मत होतं. म्हणून रात्रीची भांडी आवरल्यावर तिने ब्लॅकस्पर डोंगराच्या स्की-शाळेचा अर्ज उघडला, आणि तिचं ते मत डळमळीत व्हायला सुरुवात झाली.

पाळणाघराच्या अर्जाला टिलीच्या लसींचा दाखला हवा होता. तो मिळाला. टिली स्वच्छतागृह वापरते का, या प्रश्नाला 'हो' आणि 'नाही' असे दोनच पर्याय होते. 'तिच्या मनात असेल तेव्हा' हा पर्याय नव्हता. निकोलाने 'हो' लिहिलं आणि सहा चड्ड्या जास्त भरायचं ठरवलं. मग तातडीच्या वेळी संपर्क करायच्या माणसांची नावं. पहिलं तिचं. दुसरं आईवडिलांखेरीज कुणाचं तरी. आजवर शाळा, दवाखाना, पोहण्याचा वर्ग, सगळीकडे त्या रकान्यात डॅडचं एकच नाव आणि त्यांच्या फेअरली गावचा एकच नंबर असायचा. तिने रकाना रिकामा ठेवून पुढे जाऊन पाहिलं. अर्ज पुढे गेला नाही. तिने पुन्हा दाबलं. अर्जाने तो रकाना लाल केला.

"भरते ना, जरा दम धर," ती अर्जाला म्हणाली, आणि तिथे डोरीनचा नंबर घातला. पुढे जे झालं त्यातलं निम्मं तरी या एका ओळीने झालं.

उरलेलं निम्मं फर्गसच्या अर्जातल्या चौथ्या प्रश्नाने झालं. *मूल थांबू शकते का? कधीच नाही. कधी कधी. नेहमी.*

निकोला विचारात पडली. फर्गस थांबतो का? थांबतो. किती वेळा? डॅडची लांब शिट्टी झाली आणि फर्गस थांबला नाही असं एकदाही घडलं नव्हतं. दोन आखूड शिट्ट्या, उजवीकडे. एक चढती, डावीकडे. एक लांब, जिथे असशील तिथे उभा; पायात स्की नसतील तर तिथेच आडवा, 'ये' म्हणेपर्यंत. गारठ्याने ओठ बधिर झाले की शिट्टीऐवजी एक लांब हाळी. डंकननी मोहोर आणि टॅम या कुत्र्यांना जे शिकवलं, तेच त्याच क्रमाने नातवाला शिकवलं होतं, आणि नातवाने ते टॅमपेक्षा लवकर उचललं असं त्यांचं मत होतं. निकोला खोटं लिहिणारी बाई नव्हती. तिने 'नेहमी'वर खूण केली.

सोमवारी सकाळी ती दोन मुलं, सहा चड्ड्या आणि चाकांच्या साखळ्या घेऊन निघाली. डोंगराच्या पायथ्याशी बर्फ लागलं तिथे चौकीवाल्याने गाडी थांबवून साखळ्या चढवायला सांगितलं. साखळ्या दरवर्षी डंकन चढवत. निकोलाने माहितीपत्रक वाचून चढवल्या. चौकीवाला गुडघ्यावर बसून बराच वेळ बघत राहिला.

"ताई, या उलट्या आहेत."

"चित्रात अशाच आहेत."

"चित्र उलटं धरलंत."

तिने चित्र सुलट केलं. ते खरंच जास्त पटण्यासारखं दिसत होतं. पाठीमागे एकोणीस गाड्या खोळंबल्या होत्या, आणि मागच्या खिडकीतून टिली प्रत्येकीला हात हलवत होती.

वर पोचल्यावर मात्र सगळं झटपट झालं. टिलीला पाळणाघरातल्या बाईंनी आत घेतलं. फर्गसला हिरवं जाकीट मिळालं. हिरवं म्हणजे नेहमी थांबणारी मुलं. त्यांचा शिक्षक लुकास नावाचा ऑस्ट्रियन तरुण होता, उन्हाळा आपल्या डोंगरात न घालवता बर्फामागे अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून आलेला. तो मुलांना घेऊन खुर्चीच्या लिफ्टने थेट शेंड्यावर गेला.

निकोला कॅफेत जाऊन बसली. दरवर्षी ती इथेच, खिडकीजवळच्या याच टेबलावर पुस्तक घेऊन बसायची. तिला स्कीइंग येत नव्हतं असं नाही. अकराव्या वर्षापर्यंत तीही शिट्टीवर वळत होती. मग एकदा वर्गातल्या मुलींनी ते पाहिलं, आणि तिने स्की कायमच्या उतरवल्या. तिने पुस्तक उघडलं. कॅफेच्या जाड भिंतीत फोनला रेंज नव्हती, ही गोष्ट तिच्या ध्यानात आली नाही. कारण यापूर्वी तिला कुणी फोन करावा असं काही घडलंच नव्हतं.

साडेदहाला पाळणाघरातल्या बाईंनी मुलांना बाहेर बर्फात खेळायला सोडलं, आणि अकराला रांगेत बोलावण्यासाठी शिट्टी वाजवली. लांब. सगळी मुलं रांगेत आली. टिली होती तिथे पोटावर आडवी झाली आणि हलेना. बाई धावल्या. कपाळाला हात लावला, नाव विचारलं, बोटं दाखवली. टिलीने सगळी उत्तरं बरोबर दिली, पण उठायला तयार नव्हती. तिला अजून कुणी 'ये' म्हटलं नव्हतं. बाईंनी निकोलाला तीनदा फोन केला. मग दुसरा नंबर लावला.

डोरीनने पहिल्या घंटीला उचलला.

त्याच सुमारास शेंड्यावर लुकासने मुलांना एकामागून एक सोडलं. प्रत्येकाने चार वळणं घेऊन झेंड्यापाशी थांबायचं. फर्गसची पाळी आली. त्याने चार सुरेख वळणं घेतली, झेंड्यापाशी पोचला आणि पुढे गेला. लुकास ओरडला, "थांब!" फर्गसने ऐकलं. पण वाऱ्यावर विरणारं 'थांब' डोंगरावर चालत नाही, असं त्याला शिकवलेलं होतं. शिवाय डंकनचा एक सिद्धांत होता: आपल्या मनाने थांबणारं कुत्रं काय कामाचं? तेव्हा फर्गस न थांबता, न पडता, कुणालाही न धडकता अख्खा डोंगर उतरला, लिफ्टच्या रांगेच्या फटीतून पार झाला, कॅफेच्या अंगणातल्या दोन बाकांच्या मधून गेला आणि मोटारतळाचा चढ लागला तेव्हा आपोआप उभा राहिला. निकोलाने खिडकीतून हिरवं जाकीट जाताना पाहिलं. क्षणभर तिला कौतुकच वाटलं.

अर्ध्या तासाने ती कार्यालयात बसली होती.

स्की-शाळेच्या प्रमुख प्रू बाई पन्नाशीच्या, उन्हाने रापलेल्या आणि मुळात चांगल्या होत्या. त्यांच्यासमोर दोन वेगवेगळ्या अपघातांचे दोन कागद होते, कुठल्याच अपघातात कुणाला काही झालेलं नव्हतं, आणि त्यामुळे रकाने भरणं फार अवघड होऊन बसलं होतं. कोपऱ्यात फर्गस आणि टिली बिस्किटं खात होती. लुकास दाराशी उभा होता.

"तुमच्या शेजारीण बाईंशी बोलले मी," प्रू हळू आवाजात म्हणाल्या, आणि रुमालांचा डबा निकोलाच्या बाजूला सरकवला. "तुमचे वडील... फार वाईट झालं. त्यांनी मला सगळं सांगितलं. मुलांवर परिणाम होतो, आपल्याला दिसत नाही, पण होतो. फर्गसला आपण आठवडाभर खालच्या सरकत्या पट्ट्यावर, नवशिक्यांच्या छोट्या उताराला ठेवू या. लाल जाकीट. चार वर्षांची मुलं आहेत, त्याला दडपण येणार नाही."

फर्गस बिस्किट चावायचा थांबला. दोन आठवड्यांत तो रडला नव्हता. आता त्याचा खालचा ओठ बाहेर आला.

निकोलाला शिव्या चालल्या असत्या. साखळ्या उलट्या लावल्याबद्दल एकोणीस गाड्यांनी हॉर्न वाजवले, तेही तिने सोसले होते. पण तो रुमालांचा डबा तिला सोसवेना. तिने तो दोन बोटांनी परत सरकवला.

"माझा मुलगा दुःखात आहे म्हणून थांबत नाही असं नाहीये. त्याला थांबायला कुणी सांगितलं नाही."

"मी सांगितलं," लुकास म्हणाला. "चार वेळा. एकदा जर्मनमध्ये."

"बरोबर पद्धतीने सांगितलं नाही."

"आमच्याकडे एकच पद्धत आहे," प्रू म्हणाल्या. "मुलाने स्वतःहून थांबायचं. याआधी कुणी शिकवलं त्याला? इथे रकाना आहे."

"माझ्या वडिलांनी."

"प्रमाणपत्र होतं त्यांच्याकडे?"

"चाळीस वर्षं आणि अकरा कुत्री."

प्रूनी पेन उचललं, आणि परत ठेवलं. निकोला पुढे म्हणाली, "तसं आम्ही इथे यायचो ते त्यांच्यासाठीच. एकटे असत. नातवंडांची सोबत, तेवढाच आठवडा बरा जायचा त्यांचा." हे ती गेली पाच वर्षं सगळ्यांना सांगत आली होती; क्रेगला, डोरीनला, ग्रंथालयात. सांगता सांगता ते गुळगुळीत झालं होतं.

"मी समजू शकते," प्रू म्हणाल्या. "पण तो थांबतो हे मी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय हिरवं जाकीट देता येणार नाही. नाहीतर लाल. नाहीतर पैसे परत."

"बघा मग," निकोला म्हणाली.

आणि सगळे बाहेर आले. लुकासने फर्गसला मधल्या उतारावर नेलं. खाली निकोला, तिच्या कडेवर टिली, शेजारी हातात कागद घेतलेल्या प्रू. लिफ्टच्या रांगेतले लोकही वळून बघू लागले, कारण रांगेत दुसरं काम नसतं. फर्गस निघाला.

निकोलाने हातमोजा काढून दोन बोटं तोंडात घातली आणि जोर लावला. थोडी थुंकी आणि बरीचशी हवा निघाली. पुन्हा लावला. "मम्मी फुसफुस करते," टिलीने प्रू बाईंना माहिती दिली. फर्गस निम्म्यावर आला होता आणि त्याचा वेग अभिमान वाटावा असा होता. समोर लिफ्टची रांग, रांगेत एक बाबागाडी.

तेव्हा निकोलाने बोटं काढली आणि हाळी दिली.

ती कुठून आली हे तिला सांगता आलं नसतं. सोळा वर्षं कुजबुजत काढलेला गळा तो. त्यातून लांबलचक, खरखरीत, तीन दऱ्यांपलीकडच्या मेंढ्यांना ऐकू जाईल अशी हाक निघाली. रांग थांबली. बर्फ सपाट करणारं यंत्र थांबलं. वरती लुकास जिथे होता तिथे दोन्ही हात पसरून उभा राहिला. टिली कडेवरच आडवी व्हायला बघू लागली. आणि फर्गस बाबागाडीच्या बारा पावलं अलीकडे, दोन्ही स्की आडव्या करून, बर्फाचा फवारा उडवत, खांबासारखा उभा राहिला.

"थांबला," निकोला म्हणाली.

"थांबला," प्रूनी कबूल केलं. "सगळेच थांबले. पण बाई, लुकासने असं ओरडायचं का? दहा मुलांचा वर्ग आहे."

यात तथ्य होतं, आणि निकोलाला ते दिसतही होतं. पण फर्गस तिच्याकडे बघत होता, पाठ ताठ करून, पुढच्या हुकमाची वाट बघत. त्याला चार वर्षांच्या मुलांत लाल जाकिटात उभं करणं म्हणजे, त्याला शिकवलेलं सगळं चुकीचं होतं असं सांगणं. वडिलांना तसं सांगणारं माणूस ती त्या मंगळवारी फोनवर एकदा झाली होती. पुन्हा व्हायची तिची तयारी नव्हती.

"जाकीट ठेवा तुमचं," ती म्हणाली. "दोघांनाही मीच शिकवते."

"तुम्हाला येतं?"

"अकरा वर्षांची असेपर्यंत यायचं."

"मग दोन दिवस तरी खालच्या पट्ट्याच्या वर जाऊ नका," प्रू म्हणाल्या. त्यांनी कागद घडी घालून खिशात टाकला आणि जाता जाता वळून विचारलं, "ती हाळी... कुठे शिकवतात?" निकोलाला ते प्रशंसा म्हणून घ्यायचं की तक्रार म्हणून, हे ठरेना.

स्की भाड्याने देणाऱ्या दुकानातल्या मुलीने तिला 'पहिल्यांदाच का?' असं विचारलं, तेव्हा ती पायाचं माप सांगून मोकळी झाली. बुटांत पाय कोंबताना मात्र तिच्या तोंडून आवाज निघाला.

सरकत्या पट्ट्यावर ती चार वर्षांच्या लाल जाकिटांच्या मध्ये उभी होती, तिच्या पुढे टिली, मागे फर्गस. वर पोचून तिने पहिलं वळण घेतलं. दुसरं वळण तिने घेतलं नाही, त्यानेच तिला घेतलं. ती आधी बसली, मग आडवी झाली, मग बरीच सरकली आणि कुंपणाच्या जाळीत एक स्की अडकवून आकाशाकडे बघत पडून राहिली. एक लाल जाकीट तिला वळसा घालून सफाईने पुढे गेलं.

फर्गस आला आणि तिच्या डोक्याशी थांबला. शिट्टीशिवाय थांबला, ही गोष्ट त्याच्या लक्षात आली नाही. तिच्या आली.

"लागलं?"

"नाही."

"मग उठत का नाहीस?"

"उठते. जरा वेळ पडू दे."

फर्गसने समजूतदारपणे मान हलवली आणि बर्फात तिच्या शेजारी बसला. टिली येऊन तिच्या पोटावर बसली. "पॉपही म्हणायचा, तिला पडू दे," फर्गस म्हणाला. आजोबांना तो पॉप म्हणायचा.

"कधी?"

"रोजच. आम्हाला कॅफेत तुझ्याकडे यायचं असायचं ना, चॉकलेटसाठी. तर पॉप म्हणायचा, आता नाही. आईला बसू दे. ती घरी दमते, आणि कुणाला सांगत नाही. आपण आणखी एक चक्कर मारू." तो हातमोज्यावरचं बर्फ चाटू लागला. "त्याचे गुडघे दुखायचे खरं तर. तरी मारायचा. मम्मी, तू म्हणालीस ना बाईंना, आपण पॉपला सोबत म्हणून यायचो? तो तर म्हणायचा, आपण तुझ्यासाठी येतो."

निकोला उठून बसली. टिली घरंगळून बाजूला पडली आणि तिथेच खूश राहिली. पाच वर्षांचे जुलै, खिडकीजवळचं टेबल, पुस्तक, आणि काचेतून दिसणारे ते ठिपके, एक मोठा, आधी एक आणि मग दोन लहान, पुन्हा पुन्हा वर जाणारे. तिला वाटायचं, किती मजेत आहेत डॅड. ती पान उलटायची.

लाल जाकिटांची रांग पट्ट्यावरून सरकत होती. त्यांच्या आया जाळीपलीकडे उभ्या होत्या, आणि मघाची हाळी ऐकलेल्या काही जणी अजून तिच्याकडे बघत होत्या. बघू देत. हळू बोलण्यात जन्म घालवून तिने पाहिलं होतं. ज्याला ऐकू जायला हवं होतं त्याला ते कधी गेलं नव्हतं.

तिने डोंगराच्या शेंड्याकडे तोंड केलं, आणि सगळ्यांसमोर, पूर्ण आवाजात म्हणाली, "सोबत मला हवी होती, डॅड. तुला नाही. मला."